ललिता बाबर आणि स्टीपलचेसची शर्यत

१५ ऑगस्ट २०१६ चा दिवस. भारतांत स्वातंत्र्यदिनाची सायंकाळ होती. दक्षिण अमेरिकेंतील रिओ दि जानेरो ह्या शहरीं त्या वेळीं सकाळ चालू होती. तेथील ऑलिंपिक मैदानावर अठरा स्त्रिया तीन हजार मीटरांच्या एका शर्यतीसाठीं उभ्या राहिल्या. त्या अठरांमध्यें एक होत्या ललिता शिवाजी बाबर, सातारा जिल्ह्यांतील माण तालुक्याच्या मोही गांवच्या. नऊ-साडेनऊ मिनिटांत शर्यत आटोपली आणि ललिताबाई दहाव्या आल्या.

दहाव्या क्रमांकाला पदकांच्या तक्त्यांत जागा नसते. शाळेंत दहाव्या आलेल्या मुलाच्या प्रगतिपुस्तकावर वडील सही करतात तीहि ‘बरें आहे’ एवढेंच पुटपुटून. त्या वर्षीं रिओहून भारताला दोन पदकें मिळालीं आणि दोन्ही स्त्रियांनीं मिळविलीं. पी. व्ही. सिंधू ह्यांचें बॅडमिंटनमधील रौप्य आणि साक्षी मलिक ह्यांचें कुस्तींतील कांस्य. त्या दोघींचीं नांवें घरोघरीं गेलीं, तें योग्यच झालें. दहाव्या क्रमांकाचें काय करावयाचें, हें मात्र पुष्कळांस उमगलें नाहीं. कारण मुळांत ती शर्यत कसली होती हेंच फारसें कोणास ठाऊक नव्हतें. कोणत्या वर्गांत दहावा, हें कळल्यावांचून क्रमांकास अर्थ नसतो. म्हणून आधीं वर्गाची ओळख करून घेणें बरें.

ह्या शर्यतीचें नांव स्टीपलचेस. मराठींत तिला अडथळ्यांची शर्यत म्हणतात, पण त्या नांवानें घोटाळा होतो. कारण शंभर किंवा चारशें मीटरांच्या हर्डल्सच्या शर्यतीलाहि आपण तेंच नांव देतों. स्टीपल म्हणजे ख्रिस्ती देवळाचा उंच निमुळता मनोरा. १७५२ सालीं आयर्लंडमधील कॉर्क परगण्यांत ओकॅलहन आणि ब्लेक नांवाच्या दोन गृहस्थांनीं बटेव्हंटच्या देवळापासून डोनरेलच्या देवळापर्यंत घोडे पळविण्याची पैज लावली, असें सांगतात. अंतर सुमारें साडेचार मैल. दूरचा मनोरा डोळ्यांपुढें ठेवावयाचा आणि वाटेंत कुंपण येवो, गडगा येवो कीं ओढा येवो, नाकासमोर सरळ जावयाचें, अशी ती पैज. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांनीं घोडा सोडून तोच उद्योग स्वतःच्या पायांनीं करून पाहिला. शेतांतली शर्यत हळूहळू मैदानावर आली. कुंपणाच्या जागीं लांकडी तुळई आली आणि ओढ्याच्या जागीं पाण्याचा खड्डा आला. मनोरा तेवढा गेला; नांव मात्र राहिलें.

१९०० सालच्या पॅरिसच्या ऑलिंपिकपासून पुरुष ही शर्यत धांवूं लागले. १९२० पासून तिचें अंतर तीन हजार मीटर ठरलें आहे. ठरलें आहे खरें, पण १९३२ सालीं लॉस एंजेलिस येथें फेऱ्या मोजण्यांत चूक झाली आणि अंतिम शर्यतींत सर्वांस एक फेरी जास्त धांवावी लागली! फिनलंडचा इसो-होलो ३,४६० मीटर धांवून पहिला आला. तीन हजार मीटर पुरे झाले तेव्हां अमेरिकेचा मॅक्लस्की दुसरा होता. त्या फुकटच्या फेरींत इंग्लंडचा इव्हन्सन त्याच्या पुढें गेला आणि मॅक्लस्कीच्या गळ्यांत रौप्याऐवजीं कांस्य पडलें. क्रमांक ही वस्तु किती नाजूक असते, हें दाखविणारी ह्याहून चांगली गोष्ट क्रीडेच्या इतिहासांत शोधून सांपडणार नाहीं.

आतां शर्यतीची रचना. चारशें मीटरांच्या वाटोळ्या मार्गावर प्रत्येक पुऱ्या फेरींत पांच अडथळे असतात. त्यांतील चौथा पाण्याचा. अशा सात फेऱ्या होतात. म्हणजे साधे अडथळे २८ आणि पाण्याच्या उड्या ७, एकूण ३५. स्त्रियांसाठीं अडथळ्याची उंची ७६.२ सेंटिमीटर, म्हणजे बरोबर अडीच फूट. पुरुषांसाठीं ती तीन फूट असते. उंची ऐकून कोणास वाटेल कीं ह्यांत काय मोठेंसें? परंतु हर्डल्सचा अडथळा आणि हा अडथळा ह्यांत एक मोठा भेद आहे. हर्डल्सच्या अडथळ्याला पाय लागला तर तो पडतो आणि धांवणारा पुढें जातो. स्टीपलचेसचा अडथळा पांच इंच जाडीच्या चौकोनी तुळईचा असून त्याचें वजन ८० ते १०० किलो असतें. त्याला पाय लागला तर तो पडत नाहीं. पडतो तो धांवणारा.

पाण्याची उडी ह्याहून अवघड. अडथळ्यापलीकडे बारा फूट लांबीचा खड्डा पाण्यानें भरलेला असतो. अडथळ्याला लागून तो सर्वांत खोल असतो आणि पुढें पुढें तळ चढत जाऊन शेवटीं मैदानाच्या पातळीस मिळतो. म्हणजे जो अधिक लांब उडी घेईल त्याला पाणी कमी लागेल. जो दमला आणि आंखूड पडला त्याला शिक्षा म्हणून अधिक पाणी! भंडारा जिल्ह्यांत तुमसरच्या बाजूला ज्यांनीं भर पावसाळ्यांत भाताच्या बांध्यांतून वाट काढली आहे, त्यांस ह्या उडीची कल्पना लौकर येईल. धुऱ्यावर पाय टेकतो तों पलीकडे पाणी. पाण्याखालीं जमीन किती खोल आहे ह्याचा अंदाज डोळ्यांना येत नाहीं. आणि एक पाऊल रुतलें कीं पुढचीं चार पावलें बिघडतात. शेतकरी तेथें सावकाश उतरतो. शर्यतींत सावकाश उतरण्याची सोय नाहीं, आणि असें उतरणें एकदां नव्हे, सात वेळां असतें. पहिल्या उडीनंतर बूट जे भिजतात ते शेवटपर्यंत ओलेच.

साधा अडथळा बहुतेक जणी अलगद ओलांडतात. पाण्याच्या अडथळ्यावर मात्र एक पाऊल तुळईवर टेकून, त्याच पायानें जोर देऊन, दुसऱ्या पायावर उथळ पाण्यांत उतरण्याची रीत आहे. हें सर्व घोळक्यांत करावयाचें असतें. पुढची धांवपटू उडी घेईपर्यंत मागचीला अडथळा दिसतच नाहीं. पावलांचा हिशेब आयत्या वेळीं बदलावा लागतो. डावा पाय पुढें येईल कीं उजवा, हें आधीं ठरवितां येत नाहीं, म्हणून दोन्ही पायांना उडी शिकवावी लागते. लांब पल्ल्याच्या धांवण्याचें सारें कौशल्य पावलांची लय न बिघडूं देण्यांत आहे, आणि ह्या शर्यतींत तर ती लय पस्तीस वेळां मोडून पुनः बसवावी लागते. म्हणूनच नुसता दम असलेली स्त्री ही शर्यत जिंकीत नाहीं, आणि नुसती उडी चांगली असलेलीहि नाहीं.

स्त्रियांनीं ही शर्यत धांवावी हें जगाला पुष्कळ उशिरा पटलें. १९२८ सालीं ॲम्स्टरडॅमच्या ऑलिंपिकमध्यें स्त्रियांची आठशें मीटरांची शर्यत प्रथम झाली. शर्यतीअखेर कांहीं जणी दमून मैदानावर टेकल्या. आठशें मीटर जीव तोडून धांवलेला पुरुषहि टेकतो, पण त्या दृश्याचीं वर्णनें अशीं तिखटमीठ लावून छापलीं गेलीं कीं स्त्रियांसाठीं ती शर्यत १९६० पर्यंत बंदच राहिली. स्त्रियांची मॅरेथॉन ऑलिंपिकमध्यें आली ती १९८४ सालीं. स्टीपलचेस जागतिक अजिंक्यपद स्पर्धेंत २००५ सालीं आणि ऑलिंपिकमध्यें २००८ सालीं. पुरुष आणि स्त्रिया ह्यांच्यामध्यें १०८ वर्षांचें अंतर पडलें. अडीच फुटांच्या तुळईपेक्षां हा अडथळा उंच होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

ह्या नव्या शर्यतीला जगांत मान मिळवून देणाऱ्या पहिल्या स्त्रियांत पोलंडच्या जुस्तीना बोंक ह्यांची गणना केली पाहिजे. पोलंडला स्टीपलचेसची परंपरा आहे. १९६० सालीं रोमला क्शिश्कोव्याक आणि १९८० सालीं मॉस्कोला मालिनोव्स्की ह्या पोलिश धांवपटूंनीं सुवर्णपदकें मिळविलीं होतीं. (हीं नांवें उच्चारणें हीच मराठी जिभेला एक अडथळ्यांची शर्यत आहे!) बोंकबाईंनीं जुलै २००१ मध्यें नीस येथें ९ मिनिटें २५.३१ सेकंद आणि जून २००२ मध्यें मिलान येथें ९ मिनिटें २२.२९ सेकंद असे दोन जागतिक उच्चांक केले. हा दुसरा आंकडा श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें काम पडणार आहे. त्या काळीं ह्या शर्यतींत जगांत त्यांच्याइतकी जलद दुसरी स्त्री नव्हती. पण त्यांच्या भराच्या वर्षांत, २००० सालीं नाहीं आणि २००४ सालींहि नाहीं, ऑलिंपिकमध्यें स्त्रियांसाठीं स्टीपलचेस नव्हतीच. पदकाच्या तक्त्यावरून बोंकबाईंची किंमत करूं पाहणाऱ्यास तेथें कोरी जागा दिसेल.

भारतांत ह्या शर्यतीचा पाया उत्तर प्रदेशांतील रायबरेलीच्या सुधा सिंग ह्यांनीं घातला. २०१० सालीं चीनमधील ग्वांगझौ येथें आशियाई क्रीडास्पर्धांत स्त्रियांची स्टीपलचेस प्रथमच झाली आणि पहिलें सुवर्णपदक सुधाबाईंनीं आणलें. ललिता बाबर त्या वेळीं ह्या वाटेला लागलेल्याहि नव्हत्या.

माणदेश म्हणजे सातारा जिल्ह्याची पूर्व बाजू आणि तिला लागून असलेला मुलूख. सह्याद्रीवर ढग रिते होतात आणि पलीकडे माणदेशाच्या वांट्याला वारा येतो. शंभुमहादेवाच्या डोंगररांगा, उघडे माळ, मेंढरांचे कळप आणि वर्षांतील बहुतेक दिवस कोरडी असणारी माणगंगा, असा तो देश. भंडाऱ्याकडे भात पिकविणारा पाऊस पडतो. माण तालुक्यांत त्याच्या निम्माहि पडत नाहीं. व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या १९४९ सालच्या ‘माणदेशी माणसं’ ह्या पुस्तकानें तेथील माणसें मराठी वाचकांच्या ओळखीचीं झालीं. त्याच भूमींत मोही गांवीं एका शेतकरी कुटुंबांत २ जून १९८९ रोजीं ललिताबाईंचा जन्म झाला.

त्यांचा पहिला खेळ खो-खो. हें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. खो-खोंत वळावें लागतें, वाकावें लागतें, एका क्षणांत दिशा बदलावी लागते आणि पावलांचा हिशेब दुसऱ्याच्या चालीवर ठरवावा लागतो. नुसत्या सरळ धांवण्यापेक्षां हें शिक्षण अडथळ्यांच्या शर्यतीला अधिक जवळचें आहे. पुढें त्या लांब पल्ल्याच्या धांवण्याकडे वळल्या आणि २००५ सालीं पुणें येथें वीस वर्षांखालील राष्ट्रीय स्पर्धेंत त्यांनीं सुवर्णपदक मिळविलें. नंतर रेल्वेची नोकरी आणि रेल्वेच्या संघातर्फे धांवणें. क्रीडापटूंच्या घरची चूल पेटती ठेवण्याचें काम भारतीय रेल्वेनें जितकें केलें आहे तितकें दुसऱ्या कोणत्याहि खात्यानें क्वचितच केलें असेल.

महाराष्ट्राला त्यांचें नांव परिचित झालें तें मुंबईच्या मॅरेथॉनमुळें. २०१२, २०१३ आणि २०१४ अशीं लागोपाठ तीन वर्षें त्या भारतीय स्त्रियांत पहिल्या आल्या. लोक त्यांस ‘माणदेशी एक्स्प्रेस’ म्हणूं लागले. कोणीहि समंजस हितचिंतक अशा वेळीं हेंच सांगेल कीं, बाई, हातचें सोडूं नका. दर जानेवारींत मुंबईला या, बक्षीस घ्या आणि सुखानें नोकरी करा. ललिताबाईंनीं नेमकें हातचेंच सोडलें.

त्याचें कारण आंकड्यांत आहे. मुंबईला देशांत पहिलें येण्यास त्या वेळीं २ तास ५० मिनिटांच्या आसपासचा वेळ पुरत असे. आशियाई स्पर्धेंत २०१४ सालीं मॅरेथॉनचें सुवर्णपदक २ तास २५ मिनिटांच्या वेळेला गेलें. म्हणजे देशांत पहिली येणारी स्त्री आशियांत कोठेंच नव्हती. देशांतला पहिला क्रमांक सोडून बाहेरचा कोणताहि क्रमांक पतकरण्याची ही निवड होती, आणि ललिताबाईंच्या साऱ्या कारकीर्दींत हीच गोष्ट सर्वांत धाडसाची आहे. पंचवीस वर्षांच्या वयास त्यांनीं ३,००० मीटर स्टीपलचेस ही आपली मुख्य शर्यत केली. बेलारूसचे कठोर शिस्तीचे शिक्षक निकोलाय स्नेसारेव्ह त्या वेळीं भारताच्या लांब पल्ल्याच्या धांवपटूंना तयार करीत होते. त्यांच्या हाताखालीं त्या शिकल्या. (स्नेसारेव्ह ह्यांचा पुढें मार्च २०२१ मध्यें पतियाळा येथें, भारतांतच, अंत झाला.)

मॅरेथॉनचा दम त्यांनीं टाकून दिला नाहीं हेंहि सांगितलें पाहिजे. जानेवारी २०१५ मध्यें मुंबईलाच त्या २ तास ३८ मिनिटें २१ सेकंद अशा वेळेनें मॅरेथॉन धांवल्या. एक किलोमीटर सुमारें पावणेचार मिनिटांत, असा तो वेग होतो. स्टीपलचेसमध्यें त्यांनीं पुढें गांठलेला वेग किलोमीटरला तीन मिनिटें आणि सात सेकंदांहून थोडा कमी, तोहि वाटेंत तुळया आणि पाणी असतांना. हीं दोन निराळीं शरीरें आहेत कीं काय, असें वाटावें.

सप्टेंबर २०१४ मध्यें दक्षिण कोरियांत इंचन येथें आशियाई स्पर्धा झाल्या. ललिताबाई ९ मिनिटें ३५.३७ सेकंदांत तिसऱ्या आल्या आणि सुधा सिंग ह्यांचा राष्ट्रीय उच्चांक मोडला गेला. त्या शर्यतींत एक चमत्कारिक प्रकार घडला. पहिल्या आलेल्या बहारीनच्या रूथ जेबेट ह्यांचें पाऊल मार्गाच्या आंतील कडेच्या आंत पडलें, असें म्हणून पंचांनीं त्यांस बाद केलें. त्यामुळें ललिताबाई दुसऱ्या ठरल्या. मग बहारीनच्या बाजूनें दाद मागण्यांत आली, निर्णय फिरला, जेबेट पुनः पहिल्या झाल्या आणि ललिताबाईंचें रौप्य पुनः कांस्य झालें. मॅक्लस्कीची आठवण येथें कोणासहि होईल. फरक इतकाच कीं १९३२ सालीं चूक मोजणाऱ्याची होती. येथें नियमाच्या अर्थाचा वाद होता.

त्यानंतरचीं दोन वर्षें म्हणजे एक सरळ चढण आहे. जून २०१५ मध्यें चीनमधील वुहान येथें आशियाई अजिंक्यपद स्पर्धेंत ९ मिनिटें ३४.१३ सेकंद आणि सुवर्णपदक. ऑगस्ट २०१५ मध्यें बीजिंग येथें जागतिक स्पर्धेच्या प्राथमिक फेरींत ९ मिनिटें २७.८६ सेकंद, आणि अंतिम शर्यतींत आठवा क्रमांक. स्टीपलचेसच्या जागतिक अंतिम शर्यतींत पोहोंचलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री होत. एप्रिल २०१६ मध्यें दिल्लीस ९ मिनिटें २७.०९ सेकंद. नंतर रिओ.

१३ ऑगस्ट २०१६ रोजीं प्राथमिक शर्यती झाल्या. एकूण तीन गट. प्रत्येक गटांतील पहिल्या तिघी आणि उरलेल्यांतील सर्वांत जलद सहाजणी अंतिम शर्यतीस जाणार, असा नियम. दुसऱ्या गटांत ललिताबाई चौथ्या आल्या, म्हणजे थेट प्रवेश हुकला. पण घड्याळानें ९ मिनिटें १९.७६ सेकंद दाखविले! स्वतःचाच राष्ट्रीय उच्चांक त्यांनीं सात सेकंदांहून अधिक फरकानें मागें टाकला होता. ह्या वेळेचा हिशेब करून पाहिला तर दर सोळा सेकंदांस एक अडथळा पडतो. सोळा सेकंद धांवावें, उडी घ्यावी. पुनः सोळा सेकंद, पुनः उडी. असें पस्तीस वेळां. आतां बोंकबाईंचा आंकडा आठवावा: ९ मिनिटें २२.२९ सेकंद. जून २००२ च्या आरंभीं साऱ्या जगांत कोणत्याहि स्त्रीनें ह्याहून जलद शर्यत केल्याची नोंद नव्हती. चौदा वर्षांनीं मोहीच्या शेतकऱ्याच्या मुलीनें त्याहून अडीच सेकंद कमी घेतले, आणि तेंहि केवळ प्राथमिक फेरींत.

ऑलिंपिकच्या धांवण्याच्या मार्गावरील अंतिम शर्यतींत भारताचें माणूस ह्यापूर्वीं पोहोंचलें होतें तें १९८४ सालीं. त्या वर्षीं लॉस एंजेलिसला ४०० मीटर हर्डल्समध्यें पी. टी. उषा ह्यांचें कांस्यपदक एका सेकंदाच्या शंभराव्या भागानें हुकलें. तेथून रिओपर्यंत बत्तीस वर्षें होतात. १९८४ सालीं ललिताबाईंचा जन्महि झालेला नव्हता.

त्याच दिवशीं तिसऱ्या गटांत जें घडलें तें ह्या शर्यतीचा स्वभाव सांगणारें आहे. इथिओपियाच्या एतेनेश दिरो पुढें धांवत असतां मागून धक्का लागला आणि त्यांचा बूट निघाला. तो पुनः घालूं पाहण्यांत वेळ चालला, तेव्हां त्यांनीं बूट आणि मोजा दोन्ही फेकून दिले आणि उरलेली शर्यत, तुळया आणि पाणी ह्यांसह, एक पाय अनवाणी ठेवून पुरी केली. त्या सातव्या आल्या. नंतर दाद मागण्यांत आली आणि त्या घोटाळ्यांत सांपडलेल्या तिघींना अंतिम शर्यतींत घेण्यांत आलें. म्हणूनच त्या शर्यतींत पंधरांऐवजीं अठरा जणी होत्या.

अंतिम शर्यतींत जेबेट पुढें निघून गेल्या त्या गेल्याच. जागतिक उच्चांक मोडतो कीं काय असें वाटण्याजोगा त्यांचा वेग होता. तो अवघ्या एका सेकंदानें वांचला. केनियांत जन्मलेल्या व बहारीनतर्फे धांवणाऱ्या जेबेट ८ मिनिटें ५९.७५ सेकंदांत पहिल्या, केनियाच्या हायविन कियेंग दुसऱ्या आणि अमेरिकेच्या एम्मा कोबर्न ९ मिनिटें ७.६३ सेकंदांत तिसऱ्या. ललिताबाईंची वेळ ९ मिनिटें २२.७४ सेकंद. जेबेट पोहोंचल्या तेव्हां त्या सुमारें १२० मीटर मागें होत्या. हें अंतर लहान नाहीं आणि तें लपविण्यांत अर्थहि नाहीं. पदक ‘थोडक्यांत हुकलें’ असें म्हणणें ही खोटी स्तुति होईल. कांस्यपदकहि पंधरा सेकंद पुढें होतें. खरी स्तुति दुसरीच आहे. इंचनपासून रिओपर्यंत दोन वर्षेंहि पुरीं झालीं नव्हतीं आणि तेवढ्यांत त्यांनीं आपल्या वेळेंतून पंधरा सेकंदांहून अधिक काढून टाकले. हीच शर्यत लहानपणापासून धांवणाऱ्या, डोंगरावर राहून पिढ्यान् पिढ्या धांवणाऱ्यांच्या देशांतल्या स्त्रियांशीं त्यांची गांठ होती. त्यांनीं हा खेळ मुख्य मानला तो पंचविशींत. आणखी पांच वर्षें आधीं ह्या मुलीला पाण्याचा खड्डा कोणीं दाखविला असता तर? पण तालुक्याच्या गांवच्या शाळेच्या मैदानावर बारा फुटांचा खड्डा खणून तो पाण्यानें कोण भरणार? माणदेशांत तर पिण्याच्या पाण्याला टँकर येतो.

आणि तरीहि आश्चर्य असें कीं, पाण्याची ही शर्यत महाराष्ट्राच्या ज्या दोन धांवपटूंनीं गाजविली, ते दोघेहि भाताच्या मुलखांतले नव्हेत. दुसरे अविनाश साबळे, बीड जिल्ह्यांतील आष्टी तालुक्याच्या मांडवा गांवचे. तोहि मुलूख पर्जन्यछायेचाच. त्यांनीं २०२२ सालीं बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्य आणि २०२३ सालीं हांगझौच्या आशियाई स्पर्धेंत सुवर्ण मिळविलें. २०२४ सालीं पॅरिसला ते ऑलिंपिकच्या अंतिम शर्यतींत पोहोंचले.

ललिताबाईंची मोठी शर्यत रिओनंतर झाली नाहीं. २०१६ चा अर्जुन पुरस्कार त्यांस मिळाला. महाराष्ट्र शासनानें त्यांस उपजिल्हाधिकारी-पदावर नेमलें आणि त्या महसूल खात्याच्या कामास लागल्या. नेमणूक मानाची आहे आणि शेतकऱ्याच्या घरांत ती जन्माची निश्चिंती आहे. तिला नांवें ठेवण्याचा अधिकार कोणासहि नाहीं. मात्र सत्तावीस वर्षांच्या, दर वर्षीं वेळ कमी करीत चाललेल्या धांवपटूला मैदानावर आणखी चार वर्षें निश्चिंतपणें राहतां येईल, अशी व्यवस्था आपल्याकडे असावयास हवी होती. पद पुढेंहि देतां आलें असतें; पाय पुढें तसेच राहत नाहींत.

त्यांचा ९ मिनिटें १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय उच्चांक सात वर्षें टिकला. ऑगस्ट २०२३ मध्यें हंगेरीची राजधानी बुडापेस्ट येथें जागतिक स्पर्धेच्या अंतिम शर्यतींत मीरतच्या पारुल चौधरी ह्यांनीं ९ मिनिटें १५.३१ सेकंदांची वेळ नोंदवून तो मोडला. त्या शर्यतींत पारुलबाई अकराव्या आल्या.